दोन ठोके, एक पाऊल

मी एक जुनी पहार आहे आणि मी उभी आहे.

हे आधीच सांगते, कारण पहार म्हटली की तुम्हाला ती कोपऱ्यात टेकवलेली किंवा अंगणात आडवी पडलेली आठवेल. मला टेकायला इथे काही नाही. माझं लोखंड चिखलात रुतलं आहे आणि माझा लाकडी दांडा अजूनही वर जाऊ पाहतो आहे. लोखंड खाली ओढतं, लाकूड वर ओढतं. या ओढाताणीत मी दूर उत्तरेकडच्या पेइप्सी सरोवराच्या तळाशी सरळ उभी राहिले आहे.

मित्रांनो, इथे फार शांत असतं. मासे येतात, दांड्याला तोंड लावून बघतात आणि निघून जातात. उन्हाळ्यात वरून होड्यांचे तळ सरकतात. हिवाळ्यात छत गोठतं, मग उजेडही जाड होतो. बोलायला कोणी नाही. म्हणून तुमच्याशी बोलते.

मला फार दिवस एकच प्रश्न छळत होता. मी बुडाले त्या दुपारी एक बाई बर्फावर पालथी पडलेली होती. ती घरी पोहोचली का?

*

चर्रर्र.

हा माझा पहिला आवाज. गावच्या लोहाराने, कार्पने, एका मोडक्या घोडागाडीचा आस भट्टीत लाल केला, ठोकून लांब केला आणि एका टोकाला छिन्नीसारखी चपटी धार काढली. मग धारेला पाणी पाजलं. ते पाणी याच सरोवराचं, बादलीने आणलेलं. माझ्या तोंडी लागलेलं पहिलं पाणी हेच होतं.

मला घडवून घेतलं पिमेनने. उन्हाळ्यात कांदे लावणारा आणि हिवाळ्यात बर्फावर बसून मासे धरणारा माणूस. त्याने मला बर्च झाडाच्या लाकडाचा दांडा बसवला, दांड्याच्या वरच्या टोकाला भोक पाडलं आणि त्यात चामड्याची वादी ओवली. ही वादी मनगटात अडकवायची. बर्फ फुटला की पहार ओल्या हातातून निसटते आणि थेट तळाला जाते. वादी असली तर जात नाही. एवढी जाड वादी कशाला, बैल बांधायचाय का, असं कार्पने विचारलं.

पिमेन म्हणाला, "बैल हरवला तर शोधता येतो."

आसाचा थोडा तुकडा उरला होता. त्यातून कार्पने दोन टोचे केले. हातभर दोरीच्या दोन टोकांना दोन लाकडी मुठी, प्रत्येक मुठीत एक अणकुचीदार खिळा. बर्फ फुटून पाण्यात पडलं तर ते कडेच्या बर्फात रोवून वर यायचं. ते पिमेनने बायकोला, दोम्नाला, दिले. तिने ते गळ्यात, कोटाच्या आत घातले, तसा तो हसला. म्हणाला, "बाहेर घाल. बुडताना बटणं काढत बसणार आहेस का?"

ते टोचे माझे धाकटे भाऊ. ते तिच्या गळ्यात राहिले, मी त्याच्या हातात. आमची भेट फक्त दारात व्हायची.

*

ठक्. ठक्.

हे माझं काम. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवर कडेने गोठू लागलं की गावातली माणसं काठावर येऊन उभी राहत. एकमेकांना चिडवत, पाय आपटत, पण बर्फावर कोणी उतरत नसे. पिमेन येई. मला पुढे धरून एक ठोका मारी. मग त्याच जागी दुसरा. मग एक पाऊल.

दोन ठोके कशाला, असं कोणी विचारलं की तो सांगे, पहिला ठोका हात मारतो, दुसरा कान ऐकतो.

मित्रांनो, बर्फ डोळ्यांना सगळा सारखाच दिसतो. पण तो बोलतो वेगवेगळं. काळाभोर, काचेसारखा, जाड बर्फ माझ्या तोंडाला आखूड उत्तर देतो, ठक्, आणि मला परत वर फेकतो. त्यावर पाय ठेवावा. पातळ बर्फ पोकळ हंड्यासारखा वाजतो. तिथून मागे फिरावं. बर्फात हिम मिसळलं असेल तर तो दुधाळ पांढरा दिसतो. तेवढाच जाड असला तरी त्यात निम्माच दम असतो. बोरूच्या बेटाशी आणि ओढा येऊन मिळतो तिथे तर मी ठोका मारायच्या आधीच पिमेन वळून जाई. ताज्या हिमाखाली काय आहे ते मलाही वरून दिसत नसे. गोधडीखाली जसं गार होत नाही, तसं हिमाखालचं पाणी लवकर गोठत नाही.

त्याच्या मागे माणसं एका रांगेत येत. पण अंतर ठेवून. गप्पा मारायच्या तर ओरडून मारायच्या. दोघांचं वजन एकाच जागी पडू द्यायचं नाही.

एका वर्षी सगळे असेच बरेच आत गेले. त्या दिवशी पर्च मासे पुढच्या उथळावर जमल्याची बातमी होती. माझा आवाज बदलला. पिमेन थांबला. पुन्हा ठोकलं. मग त्याने पाठ फिरवली. मागचे वैतागले. त्यांच्यातला सावेली तेव्हा पंचविशीचा होता आणि त्याला धीर कसा तो नव्हताच.

"पिमेनकाका, भित्रा कोण? तुम्ही की तुमची पहार?"

"ती," पिमेन म्हणाला. "मी तिचं ऐकतो एवढंच."

सगळे हसत, कुरकुरत परत आले. दुसऱ्या दिवशी तिथे उघडं पाणी होतं. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. आमच्या गावात आभार मानायची ती रीत आहे.

*

वाडगा.

हा आवाज नाही, पण तो इथे सांगायला हवा.

आमच्या गल्लीत एक चाल होती. घरातलं कोणी बर्फावर गेलं की खिडकीत एक वाडगा पालथा घालायचा. परत आलं की सुलटा करायचा. समोरच्या घराने बघायचं. बघतोय असं सांगायचं नाही, फक्त बघायचं. संध्याकाळ व्हायला आली आणि वाडगा पालथाच असला तर टोपी घालून शोधायला बाहेर पडायचं.

दोम्नाच्या खिडकीसमोर वास्साचं घर होतं. दोघी एकाच वयाच्या, एकाच प्रार्थनाघरात शेजारी उभ्या राहणाऱ्या. दोम्ना कांद्याच्या माळ्यावरून पडली आणि तिचा डावा पाय अधू झाला, तेव्हा वास्साने तिच्या गाईची धार काढली होती.

मी दाराशी टेकून हे सगळं बघायचे. मी घरी असले की वाडगा सुलटा. मी आणि वाडगा, आम्ही दोघं मिळून पिमेन कुठे आहे ते सांगायचो.

*

(इथे आवाज नाही.)

पिमेन सरोवराने नेला नाही. हे मी अभिमानाने सांगते. तो घरात गेला, पलंगावर, म्हातारपणाने, अंगावर गोधडी असताना. जन्मभर बर्फावर चाललेल्या माणसाला याहून मोठं बक्षीस नाही.

त्यानंतर दोम्नाने मला कांद्याच्या खोपटात नेलं. खोपटाचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून मला दाराला तिरकी लावून ठेवलं. मी दार धरून उभी राहिले. ठोका नाही, उत्तर नाही. गंज चढला. वादीला पिमेनच्या हातांचा आणि माशांच्या चरबीचा वास लागलेला होता. एका हिवाळ्यात उंदरांनी ती खाल्ली. दांड्यातलं भोक रिकामं राहिलं. दोम्ना रोज दार उघडायला मला उचलायची, बाजूला ठेवायची, पुन्हा लावायची. तिला ते भोक दिसलं नाही. दार लागत होतं, एवढं तिला पुरत होतं.

त्याच सुमारास तिचं आणि वास्साचं बिनसलं. दोघींच्या कांद्याच्या वाफ्यांमध्ये एक बांध होता. दोम्नाने तो फावड्याच्या रुंदीएवढा सरकवला, असं वास्सा म्हणाली. सरकवला नाही, असं दोम्ना म्हणाली. आधी त्या हे एकमेकींना म्हणत होत्या, मग शेजाऱ्यांना, मग कोणालाच नाही. प्रार्थनाघरात एक उजव्या भिंतीशी उभी राहू लागली आणि दुसरी खांबामागे.

दोम्ना मात्र हिवाळाभर बर्फावर जात राहिली. घसरगाडी ओढत, डावा पाय जरा फरफटत, एकटी. मासे तिला फारसे लागत नसत. एकदा सावेलीच्या बायकोने विचारलं, काकू, या थंडीत एकट्या कशाला जाता. दोम्ना खोपटाशीच उभी होती, म्हणून मी ऐकलं.

"घरात एकटं बसलं की लोक कीव करतात," ती म्हणाली. "बर्फावर एकटं बसलं की कोणी काही म्हणत नाही."

जाताना ती खिडकीत वाडगा पालथा घालायची. सवयच. एकदा पुटपुटली, कोणासाठी घालतेय कोण जाणे. समोरच्या खिडकीचा पडदा कधी हलला नाही.

*

घर्रर्र.

आता ज्याच्यामुळे माझी गरज संपली, ते सांगते. राग नाही माझा त्याच्यावर.

सावेलीने गाडी बांधली. आमच्याकडे तिला कराकात म्हणतात. घरीच जोडलेला पत्र्याचा सांगाडा, एक जुनं इंजिन आणि चार अवाढव्य फुगीर चाकं, नुसत्या हवेने भरलेली. ती कुठेही जाते. बर्फावर जाते, चिरेवरून जाते आणि बर्फ फुटलाच तर बदकासारखी तरंगते. गावात एकाने बांधली, मग सगळ्यांनी बांधल्या. बर्फावर चाकांच्या रुंद खुणा उमटल्या. त्या दाबून, गोठून गुळगुळीत झाल्या. सरोवरावर रस्ताच झाला म्हणा ना. मग पुढे जाऊन ठोकणारा कशाला हवा?

ऐन थंडीत सावेली अंगणात आला होता, कांद्याच्या वेण्या बाजारात न्यायला. चालताना पाय रुतत असतील तर चाकांच्या खुणेवरून जा, असं त्याने दोम्नाला सांगितलं.

"अगदी निर्धास्त जा, काकू. जिथून माझी गाडी गेली तिथून घोडा गेला तरी बुडायचा नाही."

तेव्हा ते खरं होतं. तेव्हा बर्फ इतका जाड होता की त्यावर खरंच घोडा चालला असता.

मग मार्च आला. सरोवर वरून तसंच पांढरं होतं. जाडीही तीच होती. पण मार्चचं ऊन बर्फाला आतून खातं. त्याच्या उभ्या काड्या होतात, मेणबत्त्या एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात तशा. दिसायला जाड, धरायला काही नाही. कराकात त्यावरूनही जातच राहिली, कारण तिचं वजन चार फुग्यांवर पसरलेलं असतं. माणसाचं सगळं वजन एका टाचेवर असतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण गुळगुळीत रस्ता समोर दिसला की ठाऊक असलेलं आठवत नाही. बर्फ बदलला होता. सावेलीचं वाक्य तसंच राहिलं होतं.

*

भस्स.

हा आवाज मी त्या शनिवारी सकाळी केला नाही. करायला हवा होता. मी खोपटाच्या दाराला लावलेली होते.

दोम्ना सकाळीच गेली. वाडगा पालथा घातला, टोचे गळ्यात अडकवले, कोटाच्या बाहेर, आणि घसरगाडीवर डबा ठेवून चाकांच्या खुणेवरून निघून गेली. मला दारातून तिची पाठ दिसली. ती मला उचलून, बाजूला ठेवून, मग पुन्हा दाराला लावून गेली होती. तेवढ्यापुरतं मला वाटलं, आज नेते की काय.

शनिवारी आमच्या गावात दुपारी स्नानघरं तापतात. अंघोळ करायची, स्वच्छ कपडे घालायचे, मग संध्याकाळच्या प्रार्थनेला जायचं. एकेक धुराडं धुमसू लागलं. दोम्नाचं धुमसलं नाही.

आणि मग फाटक वाजलं. त्या फाटकाची कडी इतक्या वर्षांत त्या बाजूने कोणी उघडली नव्हती. वास्सा आत आली. तिने खिडकीतल्या वाडग्याकडे बघितलं, स्नानघराच्या धुराड्याकडे बघितलं, अंगणातल्या घसरगाडीच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. पडदा हलत नव्हता, मित्रांनो, पण पडद्यामागे ती रोज उभी राहत होती. हे मला त्या क्षणी कळलं.

ती सरळ बर्फावर धावली नाही. आधी शेजारच्या सावेलीच्या घरी गेली, तिथलं बोलणं मला खोपटापर्यंत ऐकू आलं. तो गाडी घेऊन लांबच्या गावी गेलेला होता. त्याच्या बायकोला तिने मदतपथकाला फोन करायला सांगितलं, आणि दोम्ना कुठल्या बाजूला गेली तेही नीट सांगायला सांगितलं. मग तिथली रिकामी घसरगाडी आणि दोर घेऊन ती परत दोम्नाच्या अंगणात आली. खोपटाच्या दारातून मला उचललं. दार मागे आपटलं. आपटू दे, असं ती म्हणाली.

तिने मला आयुष्यात कधी धरलं नव्हतं. पण काठ सोडल्यावर तिने पहिलं काय केलं असेल? दोन ठोके. एक पाऊल. वर्षानुवर्षं खिडकीत बसून तिने पिमेनचं ठोकणं ऐकलं होतं. कानाला पाठ होतं, हाताने ते त्या दिवशी शिकून घेतलं.

गंजलेलं का होईना, माझं तोंड पुन्हा बोलू लागलं. काठाजवळ पोकळ. वास्सा बाजूने फिरली. मग ठक्. ठक्. मग पुन्हा पुढे.

दोम्ना चाकांच्या खुणेतच सापडली. रस्त्याच्या मधोमध काळं भगदाड पडलं होतं. तिची छाती कडेवर होती, पाय पाण्यात. दोन्ही हातांत टोचे, बर्फात रोवलेले. माझे धाकटे भाऊ तिला धरून बसले होते. तिने तोंड आलेल्या दिशेला फिरवलेलं होतं. पिमेन म्हणायचा, बुडालात तर मागे वळा, पुढचा बर्फ अनोळखी असतो, मागच्याने तुम्हाला एकदा तरी पेललेलं असतं. ती वळली होती, चढायला गेली होती, कड तुटली होती, पुन्हा चढली होती. आता तिच्यात चढायचं त्राण नव्हतं. बाह्या बर्फाला चिकटून गोठल्या होत्या, म्हणून ती खाली घसरत नव्हती, इतकंच.

"इकडे येऊ नकोस," दोम्ना म्हणाली. आवाज बारीक आला.

"येत नाहीये. गप्प राहा, मला ऐकायचंय."

वास्साने मला ठोकलं. ठक्. ठक्. एक पाऊल. ठक्. आणि मग भस्स. माझी धार काड्यांमधून आत गेली. वास्सा मागे आली आणि पोटावर आडवी झाली.

"तूच का आलीस?" दोम्ना म्हणाली.

"बाकीचे अंघोळीला बसलेत."

तिने घसरगाडीला दोर बांधला आणि माझ्या टोकाने ती गाडी दोम्नाकडे ढकलत नेली, जाईल तिथवर. मग दोरापुरती मागे सरकली, जिथे मी अजून ठक् म्हणत होते तिथे. पडल्या पडल्याच तिने तिथे भोक पाडलं, मला त्यात उभी रोवली आणि दोर माझ्याभोवती गुंडाळला. मी खुंट झाले.

कोट काढू नकोस, ती म्हणाली. काढायला हात कुठे मोकळेत, दोम्ना म्हणाली. एक हात सोड आणि गाडीची पट्टी धर. धरली. आता पाय मार, पोहल्यासारखे, मागे. उभी राहायला जाऊ नकोस.

दोम्नाने डोळे मिटले. ती थकली होती. तशीच म्हणाली, "बांध मी सरकवला नव्हता."

"सरकवला होतास. पाय मार."

रागाने माणसात किती बळ येतं, ते मी तेव्हा बघितलं. दोम्नाने पाय मारले. वास्साने दोर ओढला, जितका आला तितका माझ्याभोवती आणखी गुंडाळला, परत ओढला. मी वाकले, दांडा करकरला, पण मी धरून ठेवलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला वेळ. कोणीतरी मला घट्ट धरलेलं होतं आणि मी कोणालातरी.

दोम्ना बाहेर आली. माशासारखी, पोटावर, पाणी निथळत. ती हलत नव्हती. वास्साने घाईने माझ्याभोवतीचा दोर सोडवला, कारण गाडी ओढायला तो हवा होता. दोर सुटला आणि मला धरायला काही उरलं नाही. ताणाने भोक मोठं झालं होतं. मी कलले.

वास्साने हात घातला. तिची बोटं माझ्या दांड्यावरून घसरली, वरपर्यंत आली, जिथे वादी असायची तिथे. तिथे रिकामं भोक होतं.

मी गेले.

*

(पाणी.)

खाली येताना मी दोन काळ्या आकृत्या बघितल्या. एक पोटावर सरपटत होती. दुसरीला गाडीवर ओढलं जात होतं.

मग वर मोठी घरघर आली, थांबली आणि परत गेली. मदतपथक असणार. ते जिवंत बाई घेऊन गेले की नुसतं अंग, ते खालून कळत नाही.

बर्फ वितळला. उजेड आला. होड्या आल्या. मी प्रत्येक तळाकडे बघत राहिले, पण होडीच्या तळावर बातमी लिहिलेली नसते. गवत माझ्या पायाशी वाढलं, सुकलं. दांडा पाणी पिऊन जड होत चालला. थोड्या वर्षांनी तो वर ओढायचं सोडून देईल आणि मी आडवी होईन. मला आडवं व्हायची भीती नाही. भीती एवढीच होती की दोम्ना घरी पोहोचली का ते कळायच्या आत आडवी होईन.

मग थंडी आली. छत काळं झालं, काचेसारखं. पहिला बर्फ.

*

ठक्. ठक्.

मला वाटलं, आठवणच आहे.

ठक्. ठक्. आणि एक पाऊल.

नवी पहार होती, बाजारातली, बारीक आवाजाची. पण हात शिकलेला होता. पाण्यात आवाज लांबून येतो आणि अंगभर लागतो. तो जवळ येत गेला. ठोके, पाऊल. ठोके, पाऊल. आणि त्याच्यामागे, चांगलं अंतर ठेवून, आणखी दोन पाय. एक पाय पडायचा. दुसरा फरफटत यायचा.

डावा.

मी किती उभी आहे, ते मला तेव्हा जाणवलं.

पावलं मध्येच थांबायची. दोन्हीकडची. मग ओरडून काहीतरी बोलणं व्हायचं, शब्द कळायचे नाहीत, आणि पुन्हा चाल सुरू व्हायची. बांधाचाच विषय असणार.

त्या माझ्यापासून फार लांब बसल्या नाहीत. वरून गिरमिटाचा आवाज आला आणि छतात एक गोल उजेड पडला. नाण्याएवढा दिसला मला. त्यातून आधी एक हात दिसला, बर्फाचा चुरा काढणारा. मनगटात नवी कोरी चामड्याची वादी होती. मग दोरीवर एक टीचभर पितळी मासा, खऱ्या माशांना भुलवणारा, खाली आला. तो माझ्या शेजारी वरखाली नाचत राहिला. चमकणारा, मुका. इतक्या महिन्यांत माझ्याजवळ आलेली माणसाच्या हातची ती पहिली वस्तू. मी त्याच्याकडे बघितलं. त्याला डोळा होता, पण तो रंगवलेला.

नाचता नाचता त्याचा गळ माझ्या दांड्यात अडकला. त्या रिकाम्या भोकात.

वरून दोरी ताणली गेली. एकदा, मग जोरात. मी कलले, तिच्या बाजूला. चिखल जरा सैल झाला. आणखी थोडं ओढलं असतं तर. पण गळ सुटला, पितळी मासा वर गेला आणि मी पुन्हा सरळ झाले.

उजेडाच्या भोकातून दोम्नाचा आवाज आला, स्पष्ट.

"गेला. मोठा होता."

"तुझे गेलेले सगळे मोठेच असतात," वास्सा म्हणाली.

मग त्यांनी सामान आवरलं. ठोके आणि पावलं काठाकडे गेली. भोक गोठलं. त्या संध्याकाळी कुठल्यातरी खिडकीत एक वाडगा सुलटा झाला असेल.

मित्रांनो, मला कोणी वर काढावं असं मी म्हणत नाही. एक पहार हरवली तर दुसरी घडवता येते. माझं मागणं साधं आहे. टोचे गळ्यात घाला, कोटाच्या बाहेर. पहारेची वादी उंदरांना खाऊ देऊ नका. जाताना कोणालातरी सांगून जा, त्याच्याशी भांडण असलं तरी. आणि कोणाचा वाडगा पालथा दिसला तर पडद्यामागे थांबू नका.

पुढून गाडी गेली असेल, माणूस गेला असेल, काल तुम्ही स्वतः गेला असाल. तरीही ठोका. बर्फ रोज नवा असतो.

एकदा ठोका. मग थांबून, ऐकण्यासाठी, पुन्हा एकदा. खाली मीही ऐकते आहे. दुसरा ठोका आला की मला कळतं, वर कोणीतरी घरी परत जाणार आहे.